तीस पावलं

आमच्या घरात ‘दूध तापलंय’ असं मी नुसतं सांगून भागत नाही. माझे सासरे उठतात, स्वयंपाकघरात येतात, सदऱ्याच्या खिशातून थर्मामीटर काढतात आणि पातेल्यात बुडवून स्वतः आकडा बघतात. मग ‘हं’ म्हणतात आणि परत जाऊन बसतात. मी तिथेच हातात सांडशी घेऊन उभी. सहा वर्षं झाली, रोज हेच चाललंय.

हा थर्मामीटर तापाचा नव्हे. लांब सुईचा, छोट्या काचेत आकडे दाखवणारा, स्वयंपाकासाठी वापरतात तसला. सिंगापूरला आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मुलाला मुस्तफा नावाच्या मोठ्या दुकानात नेऊन तो विकत घ्यायला लावला. आत्ताचा चौथा. आधीचे तीन वापरून वापरून खलास झाले.

बरं, प्रश्न फक्त दुधाचा असता तर मी सोडून दिलं असतं. दार लावलंय म्हटलं की उठून कडी बघणार. बस चार मिनिटांत येतेय असं फोनवर दिसत असलं तरी रस्त्यावर जाऊन, मान वाकडी करून बस दिसते का ते बघणार. खालच्या पत्रपेटीत काही नाही असं मी सांगितलं, तरी अकरा मजले उतरून पेटी उघडणार. मी पाया लेबारच्या एका बँकेत लोकांची कागदपत्रं तपासते. दिवसभर माझ्या सहीशिवाय तिथे पान हलत नाही. आणि सर्कल लाइन, मग बिशानला उतरून दुसरी गाडी, असा तासाभराचा प्रवास करून सेम्बावांगला घरी यावं, तर माझ्या शब्दाला दुधाच्या पातेल्याएवढीही किंमत नाही! नवऱ्याला, सौमित्रला, सांगितलं तर म्हणायचा, “स्वभाव आहे गं त्यांचा.” स्वभावाला औषध नसतं म्हणतात, पण त्या स्वभावाचा रोजचा डोस मला घ्यावा लागत होता. मला वीट आला होता, हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही.

बाबा, म्हणजे माझे सासरे, सुभेदार पद्माकर, तोफखान्यातून निवृत्त. पारनेर तालुक्यातल्या एका गावातून अठराव्या वर्षी भरती झाले, नाशिकजवळ शिकले आणि पुढची अठ्ठावीस वर्षं तोफांमागे काढली. तोफ ओढणाऱ्यांत किंवा गोळा भरणाऱ्यांत ते नव्हते. त्यांचं काम हिशेबाचं. तोफेपासून थोडं दूर, जमिनीत खणलेल्या खोलीत बसून नकाशा, वारा, हवेचा दाब असं सगळं मांडायचं आणि नळी किती अंशात उचलायची ते तोफेवर कळवायचं. सासूबाई गेल्या तेव्हा गावात एकटे कसे राहणार म्हणून सौमित्रने त्यांना इकडे आणलं. डावा कान जवळजवळ बंद, उजव्याला निम्मं ऐकू येतं. इथे दुपारी ढग गडगडले की आमची मुलगी आर्या दचकते, बाबा मात्र दचकत नाहीत. फक्त घड्याळ बघतात. वीज दिसल्यापासून आवाजापर्यंतचे सेकंद मोजायची त्यांना सवय आहे.

त्यांच्याविषयी एवढंच मला ठाऊक होतं. लढाईचं काही विचारलं तर म्हणायचे, “आम्ही लांब असायचो. आम्हाला काय दिसणार?”

इथे त्यांना मित्र म्हणून एकच माणूस मिळाला, दीनानाथ. आमच्याच ब्लॉकमध्ये चौथ्या मजल्यावर साधना राहते, तिचे वडील. कराडकडचे, पायदळातले निवृत्त हवालदार. दोघांची गाठ लिफ्टमध्ये पडली. बाबांच्या बुटांचं पॉलिश बघून दीनानाथांनी विचारलं, “कुठली पलटण?” आणि बाबा म्हणाले, “तोफखाना.” दीनानाथ म्हणाले, “म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणारे.” लिफ्ट तळमजल्यावर पोचेपर्यंत बाबा हसत होते. मी त्यांना असं हसताना आधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवसापासून रोज सकाळी दोघं फिरायला, आणि रविवारी गरम पाण्याच्या झऱ्यावर. सेम्बावांगला जमिनीतून उकळतं पाणी येतं, त्याभोवती बाग केली आहे. लोक तिथे बादलीत अंडी उकडतात आणि पायऱ्यांवरून खाली येत निवत जाणाऱ्या पाण्यात पाय सोडून बसतात. दीनानाथांच्या डाव्या पायाची दोन बोटं बर्फाने गेलेली. उरलेल्या पायाला गरम-गार काही कळत नाही. पहिल्यांदा तिथे गेले तेव्हा त्यांनी वरच्याच पाण्यात पाय घातला, भाजून फोड आले आणि त्यांना पत्ता नाही. साधनाने त्यांचं झऱ्यावर जाणं बंद केलं. तेव्हा बाबा स्वतः चौथ्या मजल्यावर गेले आणि तिला म्हणाले, “मी बघत जाईन. मी सांगितल्याशिवाय ते पाय घालणार नाहीत.”

आणि तसंच झालं. दीनानाथ बाकावर बसून राहायचे. बाबा पायरीपाशी जाऊन, गुडघे दुखत असले तरी उकिडवे बसून, थर्मामीटर पाण्यात धरायचे. “एकोणचाळीस,” असं ओरडून सांगितलं की मग दीनानाथ मोजे काढायचे. दर पाच मिनिटांनी बाबा पुन्हा बघायचे. अडीच वर्षं हा क्रम कधी चुकला नाही. दीनानाथांनी एकदाही ‘नक्की ना?’ म्हणून विचारलं नाही. मला त्याचं नवल वाटायचं. माझ्या शब्दावर बाबांचा विश्वास नाही आणि बाबांच्या शब्दावर या माणसाचा पाय!

पाय पाण्यात पडले की दीनानाथांच्या गोष्टी सुरू. ते बोलघेवडे, बाबा ऐकणारे. आणि त्या गोष्टी कुठूनही निघाल्या तरी एकाच जागी येऊन थांबत. सीमेवरच्या एका खंदकात ते बावीस दिवस होते. तिथे त्यांच्या शेजारी शैलेंद्र नावाचा त्यांच्याच भागातला जवान होता. एका पहाटे आपल्याच तोफांचा गोळा आखूड पडला आणि शैलेंद्र गेला. शत्रूचा नव्हे, आपला गोळा.

“सुभेदारसाहेब, मला मरायच्या आधी एकदा त्या तोफवाल्याला भेटायचंय,” ते म्हणायचे. “मारायला न्हाई. मारून काय करू आता? फक्त विचारायचंय, बाबा रे, तुझं लक्ष कुठं होतं?”

मी अधूनमधून रविवारी त्यांच्याबरोबर जायची, म्हणून हे मी माझ्या कानांनी किमान दहा वेळा ऐकलं आहे. दर वेळी बाबा उठायचे आणि पाण्याचं तापमान बघायला जायचे. पाच मिनिटं झालेली नसली तरी.

गेल्या जुलैत आर्याच्या शाळेने इतिहासाचा प्रकल्प दिला. तिसरीत आहे ती, इथल्या माध्यमिक शाळेच्या तिसरीत, म्हणजे पंधरा वर्षांची. विषय होता खंदकांच्या लढाईत तोफखान्याचं काम. शंभर वर्षांपूर्वीच्या महायुद्धातलं, पण एखाद्या जाणत्या माणसाची मुलाखत घेतली तर जास्त गुण. आर्याला घरबसल्या दोन जाणती माणसं मिळाली. बाबा नको म्हणत होते. “मी लांब होतो, मला काय कळणार” हे पुन्हा. पण दीनानाथांनी उत्साहाने होकार दिला होता, आणि मीच बाबांना म्हणाले, “नातीसाठी एवढं करा की. सगळीकडे स्वतः जाऊन बघता, इथे नुसतं बसून बोलायचंय.” मी तेव्हा दमलेली होते आणि दमलं की माझी जीभ तिखट होते. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि बरं म्हणाले.

शनिवारी दुपारी दोघं जेवणाच्या टेबलाशी बसले. मी चहा केला, दूध बाबांनी तपासलं. आर्याने फोन मध्ये ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं आणि तिचे प्रश्न वाचायला लागली. तिचं मराठी तिच्या सोयीचं.

“आमच्या बुकमध्ये लिहिलंय, अटॅकच्या आधी आर्टिलरी एनिमीला सॉफ्ट करते. इज दॅट करेक्ट?”

“म्हणजे काय करते?” दीनानाथांनी विचारलं.

“मऊ करते,” मी म्हणाले.

“मऊ? खंदकात काय बटाटे बसलेत का?” दीनानाथ हसले आणि मग हसू आवरून म्हणाले, “पोरी, गोळे पडत असतात तेव्हा माणूस मऊ होत न्हाई, लहान होतो. गुडघे पोटाशी घेतो, हेल्मेटात मावंल तेवढा होतो. आवाजावरून कळतं, हा पलीकडे जाणार, हा अलीकडे पडणार. जो आपल्यावर येतो त्याचा आवाज फार थोडा असतो. पहिल्या दिवशी भीती वाटते. चौथ्या दिवशी भीतीचा पण कंटाळा येतो.”

आर्या भराभर लिहीत होती. “आजोबा, तुम्ही? तोफा ट्रेंच डिस्ट्रॉय करतात का?”

बाबांनी कप बाजूला सारला. मग म्हणाले, “चांगला खणलेला खंदक तोफेने फुटत नाही सहसा. खंदकात माणसं दिवसेंदिवस बसलेली असतात. तोफेने त्यांना डोकं वर काढू द्यायचं नाही. त्यांच्याकडे पाणी पोचू द्यायचं नाही, जेवण पोचू द्यायचं नाही. आणि झोपू द्यायचं नाही. दर वीस मिनिटांनी एक गोळा टाकला तरी पुरतो. कधी तीन मिनिटांनी, कधी चाळीस. खंदकाच्या लढाईत तोफ माणसांपेक्षा झोप जास्त मारते. मग आपलं पायदळ पुढे निघालं की गोळे त्यांच्या पुढे पुढे पडले पाहिजेत, त्यांच्यापासून दोनशे-अडीचशे मीटरवर. फार पुढे पडले तर उपयोग नाही. मागे पडले तर...”

“मागे पडले तर काय ते मला विचार,” दीनानाथ म्हणाले.

“आणि ज्यांची झोप आपण मारतो ना,” बाबा तिकडे लक्ष न देता म्हणाले, “त्यांच्याइतकेच आपणही जागे असतो. गोळा काय आपोआप उडत नाही.”

इतकं सलग बोललेले बाबा मी पहिल्यांदाच ऐकत होते. आर्याचा पुढचा प्रश्न आठवा. “व्हॉट वेअर द लिमिटेशन्स? म्हणजे तोफांच्या मर्यादा काय?”

“आपल्याच माणसांवर पडतात, ही मर्यादा,” दीनानाथ लगेच म्हणाले. “लिही. शैलेंद्रचं नाव पण लिही. त्या तोफवाल्याला...”

“दीनानाथराव,” बाबा म्हणाले, “ऐका जरा.”

त्यांनी खिशातला थर्मामीटर काढून टेबलावर ठेवला.

“आर्या, गोळ्याच्या मागे दारूच्या पिशव्या असतात, त्या पेटल्या की गोळा उडतो. दारू थंड असली की सावकाश जळते, गोळा आखूड पडतो. गरम असली की लांब जातो. म्हणून दारू किती गार-गरम आहे हे थर्मामीटर खुपसून बघायचं, आणि तो आकडा हिशेबात धरायचा. हे माझं काम होतं. दोन हजार दोन सालचा जानेवारी. सहा दिवस गोळे चालले होते. सहा दिवसांत मी किती झोपलो ते सांगता येणार नाही, नऊ-दहा तास असतील सगळे मिळून. माझे आकडे तपासायला दुसरा माणूस असायचा, प्रत्येक आकडा दोघांनी काढायचा असा नियमच आहे. तो तापाने फणफणला होता. मी त्याला झोपू दिलं. सकाळचं ऊन आलं. दारूच्या काही पेट्या वर उन्हात ठेवलेल्या होत्या, मी त्यांच्यावर जाऊन बसलो. पाठीला ऊन लागलं. बरं वाटलं. तेवढ्यात फोन आला, ताबडतोब गोळे पाहिजेत. नेम आदल्या दिवशीच बसवलेला होता, त्यामुळे चाचणीचा गोळा टाकायचा नव्हता. मी बसल्या जागी, त्या उन्हातल्या पेटीत थर्मामीटर खुपसला आणि आकडा दिला.”

दीनानाथांनी हातातला कप खाली ठेवला.

“पण तोफेत जाणाऱ्या पिशव्या त्या नव्हत्या. त्या खाली खड्ड्यात होत्या, रात्रभर बर्फात गारठलेल्या. मला माहीत होतं. खड्डा तीस पावलांवर होता. उतार, गुडघाभर बर्फ. मी म्हटलं, काय फरक पडतो. नाही, तसंही नाही. तेवढा विचारसुद्धा केला नाही. मला नुसतं उठायचं नव्हतं.”

आर्याने हळूच हात पुढे करून फोनवरचं रेकॉर्डिंग थांबवलं. बाबांना ऐकू कमी येतं, दिसतं नीट.

“चालू कर ते,” ते म्हणाले. “तेवीस वर्षांत कोणी विचारलं नाही. तू विचारलंयस तर आता पुरतं ऐक.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिने पुन्हा चालू केलं.

“सहा गोळे उडाले. सहाही दीडशे मीटर आखूड पडले. पाच रिकाम्या उतारावर, एक आपल्या चौकीच्या खंदकात. एक जवान गेला. नंतर चौकशी झाली. थंडीमुळे फरक पडला असं ठरलं. ते खोटंही नव्हतं. तापमान कुठल्या पेटीतलं घेतलं हे कोणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. त्या जवानाचं नावसुद्धा मी विचारलं नाही. नाव विचारलं असतं तर गाव विचारावं लागलं असतं.”

दीनानाथ उभे राहिले होते. त्यांनी खुर्चीची पाठ धरली होती. “कुठली चौकी?”

बाबांनी सांगितलं.

“आमची न्हाई,” दीनानाथ म्हणाले. “आमचं तीन वर्षं आधी. खोरं वेगळं.”

“माहीत आहे. तुम्ही पहिल्यांदा सांगितलंत तेव्हाच मी साल मोजलं. तुमचा तोफवाला मी नाही. पण तो माझ्यासारखाच कोणी असणार. तुम्ही विचारता ना, लक्ष कुठे होतं? लक्ष कुठेच नव्हतं, दीनानाथराव. तो दमला होता.”

“आणि आम्ही न्हवतो दमलो?” दीनानाथ मोठ्याने म्हणाले. बाबांना ऐकू यावं म्हणून नव्हे. “आम्ही बावीस दिवस त्या मातीत! शैलेंद्र दमला न्हवता?”

“होता,” बाबा म्हणाले.

दीनानाथ चहा तसाच टाकून गेले. दार बाबांनी लावलं आणि कडी बघितली. मग पुन्हा एकदा बघितली.

मी कप विसळत होते. सहा वर्षं मी या माणसावर धुसफुसत होते की याचा माझ्यावर विश्वास नाही. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, हे मी लहानपणापासून ऐकत आले, पण पोळलेलं तोंड समोर रोज बसलेलं असून मला दिसलं नाही. त्यांचा अविश्वास माझ्यावर नव्हताच. बसल्या जागी कुठलाही आकडा मानायचा नाही, उठायचं आणि तीस पावलं चालायचंच, अशी त्यांनी स्वतःला शिक्षा लावून घेतली होती. मला फार वाईट वाटलं. आणि रागही आला, कारण हे त्यांनी ना बायकोला सांगितलं होतं ना मुलाला. सौमित्रला मी त्याच संध्याकाळी सांगितलं, तर तो म्हणाला, “मी कॉलेजात होतो तेव्हा ते सुट्टीवर आले की माझ्या आंघोळीच्या पाण्यातही थर्मामीटर घालून बघायचे. मला वाटायचं, फौजेतली सवय असेल.”

दीनानाथ सकाळी फिरायला आले नाहीत. रविवारी आले नाहीत. पुढच्याही रविवारी नाही. साधना म्हणाली, “घरीच असतात, टीव्हीसमोर. काय झालं दोघांचं?” मी विषय बदलला. एकदा लिफ्टमध्ये मी आणि दीनानाथ दोघंच होतो. चौथा मजला येईपर्यंत ते आकड्यांकडे बघत राहिले. उतरताना त्यांनी विचारलं, “फिरायला जातात का?”

“जातात. एकटेच.”

“हं,” म्हणाले आणि गेले.

बाबा झऱ्यावरही एकटेच जात. पहिल्या दोन वेळा मला वाटलं, स्वतःचे पाय शेकायला जात असतील. तिसऱ्या रविवारी मी मागून गेले. ते पायरीपाशी उकिडवे बसले, थर्मामीटर पाण्यात धरला, आकडा बघितला, रिकाम्या बाकाकडे एकदा बघितलं आणि घरी यायला निघाले. पाय पाण्यात घातलेच नाहीत. मला बघून म्हणाले, “चाळीस होतं आज.” मी म्हणाले, “चला, बाबा.” परत येताना ते दोनदा थांबले. एकदा बसथांब्यावर बसले आणि बस आली तरी उठले नाहीत. चौसष्टचा माणूस त्या दिवशी मला ऐंशीचा वाटला.

घरी मी एक बदल केला. दूध तापलं की ‘तापलंय’ म्हणणं सोडलं. “बाबा, बघता का जरा?” असं विचारते. ते येतात, बघतात, ‘हं’ म्हणतात. काम तेवढंच, पण माझी चिडचिड गेली.

आर्याने प्रकल्प दिला. बाबांचं बोलणं तिने जसंच्या तसं इंग्रजीत लिहिलं आणि त्यांना वाचून दाखवलं. नाव घालू की नको, विचारलं. बाबा म्हणाले, “घाल. हुद्दा पण घाल.” एक प्रत तिने आपणहून दीनानाथांच्या दाराखालून सरकवली. मला नंतर कळलं, नाहीतर मी अडवलं असतं. “हे इंग्लिश वाचणार कसे?” मी म्हटलं. “साधना आंटी वाचेल लाह,” इथल्या मुलांसारखं शेवटी ‘लाह’ लावून ती म्हणाली. “ही शुड रीड इट वन्स, शांतपणे. झोपलेल्या माणसाचं, बॉक्सवर बसल्याचं, ते सगळं ही हर्ड. बट ही वॉज सो अँग्री.”

सहाव्या रविवारी सकाळी साडेसातला मी बाबांबरोबर झऱ्यावर गेले. ऊन अजून झाडांमागे होतं. एक चिनी आजी अंडी सोलत बसल्या होत्या. आणि नेहमीच्या बाकावर दीनानाथ बसले होते. बूट, मोजे पायांत. मांडीवर प्लास्टिकची पिशवी.

बाबा थबकले. मला वाटलं, मागे फिरतात की काय. पण ते बाकाजवळून पुढे गेले, पायरीपाशी गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू उकिडवे झाले आणि त्यांनी थर्मामीटर पाण्यात धरला. आकडा थांबेपर्यंत थांबले. मग, नेहमी ओरडायचे तसं ओरडले नाहीत, साध्याच आवाजात म्हणाले, “एकोणचाळीस.”

दीनानाथांनी मोजे काढले नाहीत. ते उठले, लंगडत पायरीपाशी आले आणि पिशवीतून एक थर्मामीटर काढला. बाबांच्यासारखाच, लांब सुईचा, नवा, दुकानाचं लेबल अजून चिकटलेला. अडीच वर्षं ज्याच्या शब्दावर पाय सोडला, त्याला दाखवायला हा स्वतःचा थर्मामीटर घेऊन आला. बाबांनी तो बघितला आणि खाली बघितलं. त्यांना ते मान्यच होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं, आणि मला तेच बघवलं नाही.

दीनानाथ कण्हत कण्हत बाबांच्या शेजारी उकिडवे झाले. सुई पाण्यात धरली. वाकून, डोळे बारीक करून बघत राहिले.

“एकोणचाळीस,” ते म्हणाले.

मग तिथेच पायरीवर बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि तो दोन बोटं नसलेला पाय पाण्यात सोडला.

“शैलेंद्रचं मी विसरणार न्हाई,” ते म्हणाले.

“विसरू नका,” बाबा म्हणाले.

“तुमचा तो दुसरा माणूस. त्या दिवशी झोपला होता म्हणालात.”

“हो. ताप होता त्याला.”

“एकट्याचं काम न्हाईच ते.” दीनानाथांनी नवा थर्मामीटर शर्टाला पुसला आणि खिशाला अडकवला. “आता रोज दोघांनी बघायचं. बसा.”

बाबा बसले. चप्पल काढून त्यांनी दोन्ही पाय पाण्यात सोडले. मी मागे बाकावर बसून घड्याळ बघत होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. दीनानाथांनी वाकून एकदा सुई बुडवली, आकडा सांगितला. बाबांनी ‘हं’ म्हटलं, आणि ते उठले नाहीत.